शंका आणि स्मृती : मंत्रचळाच्या स्मृतिमापनाची चिकित्सा

मंत्रचळाचा रुग्ण पुनःपुन्हा पडताळा का घेतो, या प्रश्नाचे एक उत्तर इतके सरळ आहे की ते खरे असलेच पाहिजे असे प्रथमदर्शनी वाटते. कुलूप लावून जिना उतरलेला मनुष्य पुन्हा वर जातो, कुलूप ओढून पाहतो, खाली येतो आणि फाटकाशी पुन्हा थबकतो. तेव्हा कुलूप लावल्याचे त्याला नीट आठवत नसावे, हे अनुमान कोणीही करील. मानसशास्त्रज्ञांनीही ते केले. १९८० नंतर या अनुमानाच्या परीक्षेसाठी स्मृतीच्या, अवधानाच्या, नियोजनाच्या आणि विचारांच्या लवचिकपणाच्या नाना चाचण्या या रुग्णांना देण्यात आल्या व त्यांतून एक विस्तृत वाङ्मय उभे राहिले. या मापनातून हाती काय आले, आणि जे आले त्याला ‘स्मृतिदोष’ असे नाव देणे कितपत युक्त आहे, हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे. प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. ज्या रुग्णाला आपल्या आठवणीचा भरवसा वाटत नाही, त्याच्या हाती ‘स्मृती क्षीण’ असा अहवाल देणे म्हणजे त्याच्या शंकेला शास्त्राची मोहोर लावून देणे होय. तो अहवाल खरा असेल तर देणे भागच आहे. परंतु तो खरा आहे याविषयी देणाऱ्याची तरी खात्री असली पाहिजे.

येथे मराठी भाषेची एक साक्ष काढण्यासारखी आहे. या विकाराला मराठीत मंत्रचळ हा शब्द रूढ आहे आणि विसरणाऱ्याला विसराळू हा शब्द आहे. परंतु मंत्रचळ्या माणसाला कोणी विसराळू म्हणत नाही. उलट अशा माणसाला नको तितके लक्षात राहते, अशीच घरच्या माणसांची तक्रार असते. लोकव्यवहारातील शब्द म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे. तथापि ज्या दोन गोष्टी भाषेने वेगळ्या ठेवल्या त्या एक आहेत असे म्हणणाऱ्यावर सिद्धतेचा भार पडतो. विकृतिशास्त्राच्या परंपरेतही हा भेद अगदी अज्ञात नव्हता. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य या विकाराला ‘संशयाचे वेड’ म्हणत असत, आणि पिएर जाने याने १९०३ च्या आपल्या ग्रंथात या रुग्णांच्या ठिकाणी अपूर्णतेची एक भावना वर्णिली आहे : कृती होते, पण ती पुरी झाली असे मनाला वाटत नाही. जानेच्या वर्णनात कृती विसरली जात नाही. ती मनात पक्की बसत नाही. पुढे चाचण्या घेऊन आलेल्या पिढीला हे वर्णन मोजता येण्याजोगे वाटले नसावे. तिने मोजता येईल ते मोजले.

प्रारंभ केनेथ शेर, रँडी फ्रॉस्ट आणि ऑटो यांच्या १९८३ च्या अभ्यासापासून धरता येतो. पडताळा घेण्याची प्रवृत्ती अधिक असलेल्या विद्यार्थ्यांना स्वतः नुकत्याच केलेल्या कृती इतरांच्या मानाने कमी आठवतात, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासात दुसरेही एक निरीक्षण होते : प्रत्यक्ष घडलेले आणि केवळ कल्पिलेले यांत भेद करण्याची आपली शक्ती हे विद्यार्थी वस्तुस्थितीपेक्षा कमी लेखीत होते. पहिल्या निरीक्षणावर पुढील काळात अभ्यासांची रीघ लागली. दुसरे बराच काळ तळटीपेसारखे राहिले. वस्तुतः मर्म दुसऱ्यातच होते.

ते मर्म रिचर्ड मॅकनॅली व पॉला कोहलबेक यांनी १९९३ मध्ये पुढे आणले. त्यांनी पडताळा घेणारे रुग्ण, पडताळा न घेणारे रुग्ण व निरोगी व्यक्ती असे तीन गट घेतले. काही चित्रे व शब्द त्यांना गिरवावयास लावले, काही गिरविल्याची कल्पना करावयास सांगितले, काही नुसतेच दाखविले. आणि नंतर कोणते खरोखर गिरवले व कोणते मनातच, हे विचारले. पडताळा घेणारे रुग्ण या भेदात इतरांहून उणे ठरले नाहीत. उणा होता तो त्यांचा स्वतःच्या उत्तरावरील विश्वास. म्हणजे ‘मी कुलूप लावले की लावल्याची नुसती कल्पना केली?’ हा जो प्रश्न रुग्णाला छळतो, त्याचे बरोबर उत्तर त्याच्यापाशी असते. ते बरोबर आहे एवढेच त्याला ठाऊक नसते. चाचणीच्या उत्तरपत्रिकेत केवळ बरोबर आणि चूक असे दोनच रकाने असतील, तर हा सगळा विकार त्या दोन रकान्यांच्या मधून निसटून जातो.

असे असूनही ‘स्मृतिदोष’ हा शब्द टिकून राहिला, याचे मुख्य कारण एक आकृती. आंद्रे रे याने १९४१ मध्ये योजिलेली आणि ऑस्टेरिथ याने १९४४ मध्ये प्रमाणित केलेली ही गुंतागुंतीची भौमितिक रचना आहे : एक मोठा आयत, त्याचे कर्ण, मध्यरेषा, आणि आत-बाहेर लहानमोठे चौकोन, त्रिकोण, वर्तुळ, रेघोट्या. तिचे १८ घटक व ३६ गुण धरले जातात. परीक्षार्थीने प्रथम ती पाहून काढावयाची, मग काही वेळाने न पाहता. न पाहता काढताना मंत्रचळाच्या रुग्णांना अनेक अभ्यासांत कमी गुण पडले. त्यावरून त्यांची दृश्य स्मृती दुबळी आहे असा निष्कर्ष निघाला. परंतु कॅरी सॅव्हेज व त्याचे सहकारी यांनी १९९९ मध्ये केलेला अभ्यास या निष्कर्षाची घडी मोडतो. त्यांनी केवळ शेवटचे चित्र न पाहता नकल करण्याची रीत तपासली. निरोगी मनुष्य सामान्यतः आधी मोठा आयत काढतो, त्यात कर्ण व मध्यरेषा घालतो आणि मग तपशील भरतो. रुग्णांत मात्र एखाद्या कोपऱ्यातील तपशिलापासून आरंभ करून तुकड्याला तुकडा जोडीत जाण्याकडे कल अधिक दिसला. अशी तुकड्यांची बेरीज आठवणे हे रचना आठवण्यापेक्षा स्वभावतःच कठीण. सांख्यिकीय विश्लेषणात असे दिसले की लगेचच्या आठवणीतील गटभेद बहुतांशी नकल करण्याच्या या रीतीमधून येतो. मनात जे शिरले ते टिकविण्याची शक्ती हा येथील प्रश्नच नव्हता. जे शिरले तेच विस्कळीत होते. घराच्या भिंती न बांधता खिडक्यांच्या नक्षीपासून आरंभ करणाऱ्याला गवंडीकाम येत नाही असे म्हणता येईल, पण त्याच्या विटा कच्च्या आहेत असे म्हणता येणार नाही.

सॅव्हेजचा हा अभ्यास या वाङ्मयातील उत्तम कामांपैकी एक आहे. त्यातील नमुना लहान होता, आणि ‘मधून येतो’ या सांख्यिकीय विधानाला कार्यकारणाचे बळ देता येत नाही, हे आक्षेप खरे आहेत. तरीही गुणसंख्येच्या मागे जाऊन परीक्षार्थीचा हात कसा चालला हे पाहण्याची जी दृष्टी त्यात आहे, ती पुढील अनेक अभ्यासांत दिसत नाही. तेथे गुण बेरजेला घेतले गेले आणि हात विसरला गेला.

बेरजांचीही बेरीज झाली. २०१३ मध्ये आमितै अब्रामोविच, जोनाथन अब्रामोविट्झ व आंद्रू मिटेलमन यांनी प्रौढ रुग्णांवरील ११५ अभ्यास एकत्र करून पाहिले. रुग्ण बहुतेक चाचण्यांत निरोगी गटाच्या मागे आहेत, पण ते अंतर लहान ते मध्यम एवढेच आहे, असे त्याचे सार. ‘मध्यम’ या शब्दाचा व्यवहारात अर्थ काय, हे थोडे हिशेबाने पाहणे इष्ट आहे. कारण विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हा शब्द वारंवार येतो आणि त्याचा अर्थ क्वचितच उलगडला जातो. दोन गटांच्या सरासरींत अर्ध्या प्रमाण विचलनाचे अंतर आहे आणि गुणांचे वितरण प्रसामान्य आहे, असे धरू. मग १०० रुग्णांपैकी सुमारे ३१ निरोगी गटाच्या सरासरीच्या वर असतात. सरासरीखाली दीड प्रमाण विचलन ही दोषाची सीमा मानली, तर १०० निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ७ आणि १०० रुग्णांपैकी सुमारे १६ तिच्याखाली पडतात. उरलेले ८४ रुग्ण या मोजमापाने निर्दोष. आणि ते ८४ जणही दाराशी परत जातातच. जे कारण बहुसंख्य रुग्णांत आढळतच नाही, ते त्या सर्वांच्या लक्षणांचे कारण कसे होईल? शिवाय स्मृतीच्या उणिवेमुळे पडताळा वाढत असेल तर उणीव जितकी मोठी तितकी लक्षणे तीव्र, असा क्रम दिसावयास हवा. लक्षणांची तीव्रता मोजण्यासाठी येल-ब्राऊन श्रेणी १९८९ पासून उपलब्ध आहे. तिच्यावरील गुण व चाचण्यांतील उणीव यांच्यात असा खंबीर संबंध एकंदरीत दिसून आलेला नाही.

याहून मूलगामी आक्षेप लॉरेन व जीन चॅपमन यांनी १९७३ मध्येच मांडला होता. तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात असल्यामुळे मंत्रचळाच्या अभ्यासकांच्या वाचनात फारसा आला नसावा. कोणत्याही कारणाने सर्वसाधारणपणे थोडा मागे पडणारा गट हा सर्व चाचण्यांत सारखा मागे पडत नाही. ज्या चाचणीची विश्वसनीयता अधिक आणि जिची काठिण्यपातळी भेद दाखविण्यास अनुकूल, तीत तो अधिक मागे पडलेला दिसतो. तेव्हा शब्दस्मृतीपेक्षा आकृतिस्मृतीत अंतर मोठे दिसले, एवढ्यावरून आकृतिस्मृतीलाच विशेष इजा झाली आहे असे म्हणता येत नाही. आकृतीची चाचणी भेद दाखविण्यात अधिक तीक्ष्ण आहे एवढेच कदाचित खरे असेल. ‘दृश्य स्मृती दुर्बल, शाब्दिक स्मृती शाबूत’ हे सुटसुटीत वाक्य या विषयाच्या आढाव्यांत इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते सिद्ध झाले आहे असा समज होतो. चॅपमन यांची कसोटी लावलेली अशी तुलना मात्र विरळाच.

मग सर्वसाधारण मागे पडण्याचे कारण काय असावे? खिन्नता, औषधे, चिंता ही नेहमीची उत्तरे आहेतच. परंतु परीक्षेच्या खोलीत काय घडते याकडेही पाहिले पाहिजे. वेळ लावलेल्या चाचणीत चूक होऊ नये म्हणून प्रत्येक उत्तर दोनदा तपासणारा मनुष्य मंद ठरतो. लेखणीला दुसऱ्याचा हात लागला आहे या विचाराने अस्वस्थ झालेल्या रुग्णाचे लक्ष आकृतीवर किती असेल? येथे मोजला जातो तो विकारच; नाव मात्र स्मृतीचे लागते. श्टेफेन मॉरित्झ व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हीच गोष्ट सरळ विचारली : चाचणीच्या वेळची मनःस्थिती, चाचणीविषयीची वृत्ती व प्रेरणा यांचा हिशेब घेतला तर उणिवेपैकी किती उरते? गटभेदाचा मोठा भाग या क्षणिक घटकांच्या वाट्याला जातो, असे त्यांना आढळले. चाचणीतील अपयश आणि शक्तीचा अभाव या दोहोंमधील अंतर परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला परिचित असते. चिकित्सालयात शिरताना त्याचा विसर पडतो हे नवल आहे.

आता ज्या प्रयोगाने प्रश्नाची दिशाच उलटविली त्याकडे वळू. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या डच संशोधकांनी २००३ मध्ये असे विचारले की, दुबळ्या स्मृतीमुळे पडताळा वाढतो असे आपण धरून चाललो आहोत. परंतु पडताळ्यामुळेच स्मृती फिकी होत असेल तर? त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखविली. बटणे फिरवून ती पेटवावयाची, विझवावयाची आणि विझली की नाही हे पाहावयाचे. एका गटाने हाच पडताळा वीस वेळा केला. दुसऱ्या गटाने तेवढ्याच वेळा विजेच्या दिव्यांचा पडताळा केला. शेवटी दोन्ही गटांनी पुन्हा शेगडीच तपासली आणि त्या शेवटच्या तपासणीविषयी त्यांना विचारण्यात आले. कोणती बटणे फिरविली हे दोन्ही गटांना सारखेच आठवत होते. परंतु शेगडी वारंवार तपासलेल्यांची आठवण कमी स्पष्ट, कमी तपशीलवार होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास खालावला होता. ही माणसे निरोगी होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे वजन कळते. लेखकांची उपपत्ती अशी : कृती परिचित झाली की मन तिच्या अर्थाकडे पाहते, रूपाकडे नाही, त्यामुळे ‘विझविली’ हे ज्ञान राहते, पण बटणाचा स्पर्श, ज्योत नाहीशी होण्याचा क्षण हे काही राहत नाही. स्पष्टपणा नाही म्हणून विश्वास नाही. विश्वास नाही म्हणून पुन्हा पडताळा. आणि पुन्हा पडताळा म्हणून स्पष्टपणा आणखी कमी.

पडद्यावरील शेगडी ती काय, असा आक्षेप लगेच आला असता. अॅडम रॅडॉम्स्की व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये खऱ्या स्वयंपाकघरात खऱ्या शेगडीवर प्रयोग करून तो मिटविला. तुलनेसाठी त्यांनी पाण्याचा नळ घेतला होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात मेरेडिथ कोल्स व सहकाऱ्यांना असे दिसले की विश्वासाची ही घसरण दोन ते दहा पडताळ्यांच्या दरम्यानच सुरू होते. म्हणजे रोज रात्री चार वेळा नळ पाहणारा मनुष्यही या उताराच्या तोंडाशी उभा आहे.

या उपपत्तीची मोहिनी मोठी आहे, म्हणूनच तिच्या मर्यादा स्पष्ट केल्या पाहिजेत. ती चक्र कसे फिरत राहते हे सांगते. चक्राला पहिला धक्का कोण देते हे सांगत नाही. निरोगी विद्यार्थी वीस वेळा शेगडी तपासून, विश्वास डळमळलेला असतानाही, घरी गेले आणि झोपले. रुग्ण झोपत नाही. हा फरक आठवणीच्या फिकेपणात नाही. आपल्या हयगयीने काही अनर्थ घडेल आणि त्याचे उत्तरदायित्व आपल्यावर येईल, या भयात तो बहुधा आहे. शिवाय अचूकता मोजण्याची रीत सोपी होती; सोप्या प्रश्नाला सर्वांनीच बरोबर उत्तर दिले तर दोन गट समान आहेत असे दिसणारच. अचूकता अबाधित राहते हे विधान म्हणून थोडे राखून करावयास हवे.

तथापि स्मृती सरसकट दुबळी असल्याच्या कल्पनेला दुसऱ्या बाजूनेही धक्का बसला आहे. रॅडॉम्स्की व स्टॅन्ली रॅकमन यांनी १९९९ मध्ये, अस्वच्छतेचे भय असणाऱ्या रुग्णांसमोर काही वस्तूंना स्वच्छ आणि काहींना विटाळलेल्या कागदाचा स्पर्श केला. कोणत्या वस्तू विटाळल्या हे रुग्णांना अधिक चांगले आठवले. तुलनेच्या गटांत असा कल नव्हता. डेव्हिड टोलिन व सहकाऱ्यांच्या २००१ च्या अभ्यासात रुग्णाला भयावह वाटणाऱ्या वस्तू पुनःपुन्हा दाखवून आठवावयास सांगण्यात आले, तेव्हा प्रत्येक फेरीबरोबर त्याचा विश्वास खाली आला. जे त्याला महत्त्वाचे तेच त्याला चांगले आठवते आणि त्यावरच त्याचा विश्वास बसत नाही. रेच्या आकृतीत त्याच्या जिवाला लागणारे काहीच नसते. तटस्थ साहित्यावर मोजलेली स्मृती रुग्णाच्या दाराशी उपयोगी पडत नाही ती यामुळे.

एवढ्यावरून विचारशक्तीच्या सर्व उणिवा चाचणीचे आभास आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. बंगळूरच्या निमहान्स संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये लक्षणे शमलेल्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा काही चाचण्यांतील उणीव कायम असल्याचे त्यांना दिसले. लक्षणेच नसतील तर ती उणीव लक्षणांमुळे आली असे म्हणता येत नाही. त्याच संस्थेतील २००९ च्या अभ्यासात रुग्णांची निरोगी भावंडे निर्णय घेण्याच्या आणि रूढ झालेला प्रतिसाद उलटविण्याच्या चाचण्यांत मागे दिसली. हा पुरावा महत्त्वाचा आहे, आणि मॉरित्झ यांच्या विवेचनात त्याला समाधानकारक उत्तर नाही. परंतु निमहान्सच्या भावंडांत ज्या उणिवा दिसल्या त्या प्रतिसाद बदलण्याच्या लवचिकपणातील आहेत. दार बंद केल्याचे आठवत असूनही ‘आता पुरे’ असे मन म्हणू शकत नाही, याच्याशी त्यांचे नाते लावता येईल. दार बंद केल्याचे विसरण्याशी नव्हे. स्मृती आणि विचार ही दोन नावे एका श्वासात घेण्याची जी सवय या वाङ्मयाला लागली आहे, ती येथे घातक ठरते.

महाराष्ट्रातील विभागांनी या क्षेत्रात काम करावयाचे म्हटले तर अडचण आणखी एका ठिकाणी आहे. १९३० नंतरच्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात बिने चाचणीचे कानडी व मराठी रूपांतर केले. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द बदलले की चाचणी बदलते आणि तिची प्रमाणके नव्याने शोधावी लागतात, हा धडा त्या कामात होता. निमहान्सच्या २००४ च्या चाचणीसंचाने प्रमाणके वय, लिंग व शिक्षण यांनुसार वेगळी देऊन तो पाळला. मराठी शब्दयाद्यांवर स्मृती मोजताना परदेशी प्रमाणके लावणे हा दोष तर आहेच; पण मंत्रचळाच्या बाबतीत त्याहून मोठी उणीव ही की, अनुवाद शब्दांचा होतो, विश्वास मोजण्याच्या प्रश्नाचा होत नाही. ‘तुम्हाला कितपत खात्री आहे?’ या प्रश्नाला मराठी रुग्ण ‘तसे आठवते, पण...’ असे उत्तर देतो. त्या ‘पण’ला श्रेणीवर कोठे बसवावयाचे हे ठरल्याशिवाय गुणसंख्या लिहून उपयोग नाही. प्रत्येक उत्तरापुढे त्या उत्तराविषयीच्या खात्रीचा एक रकाना, नकल कोणत्या रेषेपासून सुरू झाली याची नोंद, आणि चाचणी देताना मनात काय चालले होते याविषयी रुग्णाला विचारलेले दोन प्रश्न, एवढी भर घालण्यास नव्या यंत्राची गरज नाही, आणि ती घालण्यासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका वर्षाचा प्रबंध पुरेसा आहे.